मुष्टिफंडाचे पोते कोणी फिरवायचे?



एकाने अनोळखी माणसाला चहा पाजला, त्याने पुढे आणखी कुणाला मदत केली आणि बघता बघता सगळे गावच बदलले, अशा आशयाचे लेख आणि व्हिडिओ हल्ली उदंड झाले आहेत. करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण आमच्या सातारा-सांगलीकडचा अनुभव वेगळा आहे. चांगुलपणा पसरतो, पण आपोआप नाही. तो गोळा करायला आणि पोचवायला कुणालातरी दारोदार फिरावे लागते.

मिरज तालुक्यातल्या दुधगावात १९१० साली भाऊराव पाटील (ते कर्मवीर व्हायचे होते अजून) आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांना शिकवायचे काम सुरू केले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह. ही पोरे जगली कशावर? मोठ्या देणग्या होत्या, तसा मुष्टिफंडही होता. घरातल्या बाईने धान्यातली मूठभर ज्वारी-बाजरी बाजूला ठेवायची आणि संस्थेच्या माणसाने ती गोळा करून न्यायची. आपली मूठ कोणाच्या ताटात गेली, ते पोर कुठल्या जातीचे, कुठल्या गावचे, हे त्या बाईला कधी कळणारही नव्हते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले, ही गोष्ट आपण प्रत्येक जयंतीला सांगतो आणि ती सांगायलाच हवी. पण मंगळसूत्र एकदाच देता येते. मूठ रोज देता येते, आणि गरिबालाही देता येते. त्या बायांची नावे कुठल्याच फलकावर नाहीत.

संस्कार असला की झाले, व्यवस्था कशाला, असे म्हणणारे भेटतात. त्यांना विचारावेसे वाटते, पोते घेऊन कोणी दारात आलेच नसते, तर त्या मुठीचे काय झाले असते? दळणात गेली असती. वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे रयत शिक्षण संस्थेच्याच कामात परत आले, तसे आणखीही कितीतरी विद्यार्थी शिक्षक होऊन आले. घेणारा देणारा झाला, तो असा. त्याला परत यायला एक जागा होती.

व्यवस्था नसली की काय होते, ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीने पाहिले. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. मदत राज्यभरातून आली, मनापासून आली. पण रस्त्यालगतच्या गावांत टेम्पोवर टेम्पो आणि आतल्या गावांत वाट पाहणे. जुन्या कपड्यांचे ढीग तर कोणी हात न लावता पडून राहिले. दोष दयेचा नव्हता. कुठे काय हवे, याची यादी कुणाकडे नव्हती.

दुसरी अडचण भीतीची. माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून जाते तेव्हा आमचाच माणूस अनोळखी वारकऱ्याला घरात घेतो, जेवू घालतो, पाय चेपतो. तोच माणूस खंबाटकी घाटातल्या वळणावर अपघात दिसला की गाडीचा वेग वाढवतो. तो आठवड्यात निर्दय झालेला नसतो. पोलीस जबाब घेतील, कोर्टाच्या तारखा पडतील, दवाखाना आधी पैसे मागेल, हे त्याने ऐकलेले असते. वास्तविक २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये पाच हजारांचे बक्षीसही ठेवले. आमच्या भागात किती ट्रकचालकांना, किती ऊसवाहतूकदारांना हे ठाऊक आहे? ज्यांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांनी नकारार्थी मान हलवली. भीती घालवल्याशिवाय माणुसकीची व्याख्याने देणे मला तरी निरर्थक वाटते.

म्हणून दोन मागण्या. सातारा आणि सांगलीच्या पोलीस अधीक्षकांनी आनेवाडी आणि तासवडे टोलनाक्यांवर, पेठ नाक्यावर, महामार्गालगतच्या धाब्यांवर आणि पेट्रोल पंपांवर कलम १३४-अ सोप्या मराठीत, ठळक अक्षरांत लावावे. आणि कृष्णा-वारणाकाठच्या ग्रामपंचायतींनी मे महिन्यातच आपापल्या वाडीची यादी करावी: म्हातारी माणसे किती, गरोदर बाया किती, जनावरे किती, बोट कोणाच्या ताब्यात. या दैनिकाने त्या याद्या छापल्या, तर मदत पाठवणाऱ्यांचे टेम्पो योग्य गावात जातील.

— एक निवृत्त शिक्षक, कराड