सुईआधीची दोन मिनिटे

दुखऱ्या दाढेने रात्र रडून काढलेले मूलही दवाखान्यात सुई दिसताच तोंड घट्ट मिटून घेते. ही भीती बरीचशी टाळता येते. हिरडी कापसाने कोरडी करून भूल देणारे जेल लावावे आणि एक-दोन मिनिटे थांबावे. लावताच टोचले तर जेल वाया गेले. औषध सावकाश, मिनिटाला साधारण १ मिलिलिटर या वेगाने सोडावे, कारण एकदम आलेल्या दाबानेही कळ येते. टाळूचे आवरण तर हाडाला घट्ट चिकटलेले. तिथे घाई नकोच. टोचताना गाल हलवत राहिले की वेदना कमी जाणवते, त्याला मेल्झॅक आणि वॉल यांच्या १९६५ च्या वेदनाविषयक सिद्धान्ताचा आधार आहे. यातल्या कशालाच महागडे यंत्र लागत नाही.

राज्यभरातील दंत महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आहे. त्याने प्रात्यक्षिक परीक्षेत जेल लावून थांबण्याला गुण द्यावेत, असा आमचा आग्रह आहे. आणि ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ ही घरोघरची धमकी आईवडिलांनी आजच बंद करावी.