टॅब अडकला, खापर कुणावर?

जॉबचा पहिला दिवस. हातात कंपनीचा कोराकरकरीत टॅब. सिनियर म्हणतो, ‘ऑन कर, क्यूआर स्कॅन कर, पाच मिनिटांत ॲप्स येतील.’ पाच मिनिटांचा तास होतो, ॲप काही येत नाही. वर ऐकायला मिळतं, ‘एवढंही जमत नाही?’ प्लेसमेंट झालेल्यांनो, ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते. म्हणून पडद्यामागे काय चालतं ते बघूया.

ऑफिसचे सगळे टॅब-मोबाइल एका ठिकाणाहून सांभाळणारी यंत्रणा म्हणजे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट, थोडक्यात एमडीएम. टॅबची त्यात नोंदणी म्हणजे एनरोलमेंट. ती झाली की ॲप्स आपोआप येतात, पासवर्डचे नियम लागतात आणि टॅब हरवला तर त्यातला डेटा दुरूनच पुसता येतो.

मग गाडी अडते कुठे? बऱ्याचदा अगदी साध्या गोष्टींत. टॅबची तारीख चुकीची असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो जोडलाच जात नाही. अँड्रॉइड टॅब पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात हवा असेल तर नोंदणी पहिल्या सेटअपमध्येच करावी लागते. आधीच कुणी स्वतःच्या जीमेलने तो सुरू केला असेल तर फॅक्टरी रीसेट अटळ. नोंदणी होऊनही ॲप येत नसेल, तर ते तुमच्या ग्रुपला दिलंय का, टॅबमध्ये जागा आहे का, सिस्टीम फार जुनी तर नाही ना, हे तपासा.

आयपॅडची गंमत वेगळीच. त्यासाठीचं ॲपलचं पुश सर्टिफिकेट दरवर्षी आणि त्याच अकाउंटवरून रिन्यू करावं लागतं. ते अकाउंट नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या नावावर असलं आणि नव्या अकाउंटवरून दुसरंच सर्टिफिकेट काढलं, तर सगळे आयपॅड पुन्हा एनरोल करत बसा!

बघा, यातल्या बहुतेक चुका टॅब तुमच्या हातात येण्याआधीच झालेल्या असतात. बोलणी मात्र शेवटच्या माणसाला. आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. २ जीबी रॅमचे फोन, त्यावर धड न चालणारं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आणि तेही इंग्रजीत, ही त्यांची तक्रार. दोष सेविकांच्या ‘टेक्निकल नॉलेज’मध्ये नव्हता. ज्या फोनवर, ज्या भाषेत काम करायचंय, त्याचा विचार आधी व्हायला हवा होता.

आणखी एक गोष्ट. ऑफिसने तुमच्या स्वतःच्या फोनवर एमडीएम टाकायला सांगितलं तर डोळे झाकून ‘अलाऊ’ दाबू नका. अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ मिळेल का, ते विचारा. त्यात ऑफिसची ॲप्स वेगळ्या कप्प्यात राहतात, तुमचे फोटो आणि चॅट कंपनीला दिसत नाहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही माहिती वापरायची मुभा आहे. त्यामुळे कंपनीला काय दिसणार आणि नोकरी सोडताना काय पुसलं जाणार, हे लेखी विचारून ठेवा.

आणि टॅब अडकलाच, तर एरर मेसेजचा स्क्रीनशॉट, वेळ आणि मॉडेल नंबर आयटीला मेल करा. ‘चालत नाही’ म्हटलं की चूक तुमची ठरते. नेमकं कुठे अडलं ते लिहून दिलं, की शोधायचं काम त्यांचं!