तिला बोलू द्या

लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात ३० नोव्हेंबर २०१५ रोजी मरियम नमाझी व्याख्यानाला उभ्या राहिल्या. जन्म तेहरानचा, इराणी क्रांतीनंतर १९८० मध्ये घरच्यांसोबत देश सुटलेला. ब्रिटनमध्ये बायकांचे घटस्फोटाचे, मुलांच्या ताब्याचे वाद शरिया मंडळांकडे नकोत, सगळ्यांना एकच कायदा हवा, म्हणून २००८ मध्ये त्यांनी ‘वन लॉ फॉर ऑल’ ही मोहीम उभारली. त्या दिवशी विषय होता ईशनिंदा आणि अभिव्यक्ती. कॉलेजच्या इस्लामिक सोसायटीतल्या काही तरुणांनी गोंधळ घातला आणि पडद्यावर एक व्यंगचित्र येताच प्रोजेक्टर बंद केला. नमाझी मागे हटल्या नाहीत, बोलत राहिल्या. जिव्हारी लागतं ते पुढचं. तिथल्या स्त्रीवादी विद्यार्थी मंडळाने पाठिंबा जाहीर केला, तो इस्लामिक सोसायटीला! दोनच महिन्यांपूर्वी वॉरिक विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेनेही नमाझींना बोलू द्यायला आधी नकार दिला होता, चौफेर टीका झाल्यावर तो मागे घेतला. त्यामागची अल्पसंख्याकांवरच्या द्वेषाची काळजी खरीच आहे. पण त्याच समाजातून उठलेल्या बाईचं तोंड बंद करून ती मिटत नाही. विद्यार्थ्यांनी अशा वक्त्यांना जरूर बोलवावं, खोडून काढायचं ते प्रश्न विचारून काढावं. आणि सभा शेवटपर्यंत चालू ठेवायची जबाबदारी कॉलेजने घ्यावी.