नीलगायींचे नियंत्रण : मादीचा प्रश्न अनुत्तरित

मानक नगर (लखनौ) : अवधच्या शिवारात नीलगायींचे कळप उभी पिके फस्त करतात आणि बंदोबस्ताची मागणी वारंवार होते. विदर्भात याच प्राण्याला रोही म्हणतात. तेथील शेतकऱ्यांचे गाऱ्हाणेही हेच आहे. या चर्चेत एक प्रश्न मात्र बाजूला राहतो : मारायचे ते नर की माद्या?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या मूळ कलम १५ नुसार परवान्यात विशेष मुभा असल्याखेरीज मादीची व पिल्लांची शिकार करण्यास मनाई होती. मादी राखली तर वंश टिकतो, हा शिकारीचा जुना संकेत त्यामागे होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारच संपुष्टात आली आणि हे कलमही वगळले गेले. आता पीकरक्षणासाठी कलम ११ खाली परवानगी मिळते किंवा कलम ६२ खाली केंद्र सरकार प्राण्याला उपद्रवी घोषित करते. या दोन्ही कलमांत नर-मादी असा भेद नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय वर्षभरासाठी उपद्रवी ठरली. २०१६ मध्ये मोकामा परिसरात सुमारे २५० नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा मनेका गांधी व प्रकाश जावडेकर या केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर मतभेद झाले. तो वाद मारावे की मारू नये, येथेच थांबला.

एक नर अनेक माद्यांशी समागम करतो. त्यामुळे काही नर कमी झाले तरी जन्मदर फारसा घटत नाही. मादी अनेकदा जुळ्यांना जन्म देते. संख्या घटवायची तर माद्या कमी कराव्या लागतील. पण दूध पाजणारी मादी मेली की पिल्लूही उपासमारीने मरते. शिंगे असलेला निळसर-करडा नर आणि बिनशिंगी, तांबूस मादी दुरूनही ओळखता येतात. मादी गाभण आहे की लेकुरवाळी, हे मात्र सहज कळत नाही. पिल्ले पोरकी होऊ नयेत म्हणून इंग्लंडमध्ये बहुतेक जातींच्या हरिणींच्या शिकारीस १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर बंदी असते. नीलगाय वर्षातील कोणत्याही काळात विऊ शकते. त्यामुळे तो नियम येथे जसाच्या तसा चालणार नाही.

शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. म्हणूनच परवानगीच्या आदेशात स्थानिक गणना, घटवायची संख्या, त्यातील माद्यांचे प्रमाण आणि शिकारीचा काळ नमूद असायला हवा. तेवढी तयारी नसेल, तर मध्य प्रदेशने ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर जिल्ह्यात केले तसे पकडून स्थलांतर करण्याचा खर्चिक मार्ग उरतो. उद्दिष्ट न ठरवता झाडलेल्या गोळीने ना पीक वाचेल, ना पिल्लू.