कॉलेज बंद पडले, मग फीच्या बाकीचे काय?



गेल्या वीस वर्षांत आपल्या वऱ्हाडात कॉलेजांच्या किती पाट्या लागल्या आणि त्यांतल्या किती उतरल्या, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २००५ नंतर डी.एड. कॉलेजांचे पेव फुटले. बारावीनंतर दोन वर्षांत मास्तरकी, या आशेवर कोणी जमीन गहाण टाकली, कोणी पाटल्या मोडल्या. २०१०ची सीईटी झाली आणि पुढे शिक्षकभरती अडकली. टीईटी आली. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी व्हायला २०१७चा डिसेंबर उजाडला. नोकरी नाही म्हटल्यावर मुले येईनाशी झाली आणि कॉलेजे एकामागून एक बंद पडली. अभियांत्रिकी आणि एमबीएच्या कॉलेजांवरही तीच पाळी आली. एकट्या २०२०-२१ या वर्षात देशभरात सुमारे १८० व्यावसायिक कॉलेजे बंद झाली.

पाटी उतरली की घरात दोन बोलणी सुरू होतात. अब्बा म्हणतात, “कॉलेजच बुडाले, आता कसली बाकी अन् कसली फी!” अम्मीचा घोर वेगळा असतो. “बाकी भरल्याशिवाय मार्कशीट देणार नाहीत म्हणे. पोरीची दोन वर्षे पाण्यात गेली.” आमच्या मते दोघांचेही अर्धेच खरे आहे. म्हणून या महिन्यात हा विषय जरा सविस्तर घेऊ.

कॉलेज वेगळे, संस्था वेगळी

खासगी कॉलेज चालवते ती संस्था. बहुतेक संस्था १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. फी आपण कॉलेजच्या खिडकीवर भरतो, पण जमा होते ती संस्थेच्या खात्यात. कॉलेज बंद झाले म्हणून संस्था संपत नाही. तिची शाळा चालू असते, जमीन असते, पदाधिकारी असतात. त्यामुळे खरी बाकी असेल तर ती मागण्याचा हक्क संस्थेकडे राहतो.

मात्र याच न्यायाने आपले जे येणे आहे तेही संस्थेकडून येणे असते. प्रवेशाच्या वेळी घेतलेली अनामत रक्कम आणि न शिकवलेल्या वर्षाची आगाऊ घेतलेली फी यांचा हिशोब त्यांनी द्यायचा असतो. आपले लोक देण्याच्या विचाराने झुरत राहतात, घेण्याचे मात्र विसरून जातात.

संस्थाचालकांना मनात आले म्हणून कुलूप लावता येत नाही

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे संलग्न कॉलेज बंद करायला विद्यापीठाची परवानगी लागते. आपल्या वाशिम जिल्ह्यासाठी हे विद्यापीठ म्हणजे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. बंद करण्याची रीतही टप्प्याटप्प्याची आहे. आधी पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबतात आणि आत असलेल्या मुलांचा अभ्यासक्रम पुरा होऊ द्यावा लागतो. एआयसीटीईच्या नियमांतही अशीच टप्प्याची पद्धत आहे. कॉलेज एकदम बंद करायचे झाले तर मुलांची दुसऱ्या कॉलेजात सोय लावावी लागते. म्हणून कॉलेज बंद होणार अशी कुणकुण लागताच प्राचार्यांना लेखी विचारावे की, विद्यापीठाची परवानगी झाली आहे का, आणि आमच्या मुलांचे पुढे काय ठरले आहे?

बाकीची फोड करा

“बाकी” हा एक आकडा नसतो. उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीच्या नावावर ३२,००० रुपये बाकी दाखवली आहे. कागद उलगडल्यावर त्यात १९,००० रुपये शासनाच्या फी प्रतिपूर्तीचे निघतात, ५,००० “इमारत निधी” म्हणून लावलेले आणि ८,००० खरोखर तिने भरायचे. तिची २,००० रुपये अनामत संस्थेकडे पडून आहे. म्हणजे ३२,००० ऐकून घाबरलेल्या त्या घरावर खरे देणे निघाले ६,००० रुपये.

यातला एकेक भाग पाहू. शासनाने भरायची फी कॉलेजने विद्यार्थ्याकडून वसूल करू नये. २०२४-२५पासून केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या आणि ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, पूर्ण शिक्षण शुल्काची सवलत आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखला काढलेला नसतो. दाखला नाही किंवा महाडीबीटीवर अर्जच भरला नाही, म्हणून सवलत हुकली असेल, तर मात्र ती फी आपल्याच अंगावर येते. तेव्हा दाखल्याचे काम प्रवेशाच्या वर्षी नव्हे, दहावीच्या वर्षीच उरका.

दुसरा भाग देणगीचा. कॅपिटेशन फी घेण्यास महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने बंदी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी ठरवण्याचे काम २०१५च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणाकडे दिले आहे. ठरलेल्या फीबाहेरची आणि बिनपावतीची रक्कम “बाकी” म्हणून मागितली, तर ती कोणत्या नियमाखाली, हे लेखी मागावे. तसेच पुढच्या सगळ्या वर्षांची फी एकदम मागता येत नाही. २००३च्या इस्लामिक अकॅडमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे की, फी एका वेळी एका वर्षाचीच घ्यावी.

तिसरा भाग जरा कडू आहे. काही योजनांत फीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येते. ती घरखर्चात, कधी लग्नात, कधी मोटरसायकलच्या हप्त्यात जाते आणि नंतर कॉलेज बंद पडले की “आता कोण विचारतो” असे म्हटले जाते. ही रक्कम आपली नव्हतीच. ती अमानत होती. कॉलेजचे दार बंद झाले म्हणून अमानत हलाल होत नाही.

चौथी गोष्ट बँकेच्या किंवा महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची. हा करार आपला आणि कर्ज देणाऱ्याचा आहे, त्यात कॉलेज राहिले काय आणि बुडाले काय, हप्ता चुकत नाही. अमेरिकेत कोरिंथियन कॉलेजेस ही मोठी साखळी २०१५मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार कर्जदारांचे ५.८ अब्ज डॉलरचे सरकारी कर्ज माफ करण्याचा निर्णय २०२२मध्ये झाला. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणून कॉलेज बंद होताच बँकेत जाऊन मुलगी कोणत्या कॉलेजात बदलून गेली ते कळवावे आणि गरज पडल्यास हप्त्यांची फेरआखणी मागावी. गप्प बसल्याने व्याज थांबत नाही.

मार्कशीट म्हणजे गहाणवट नव्हे

अम्मीच्या घोराचे उत्तर इथे आहे. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेनुसार कॉलेजला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. पाहावी, तपासावी आणि परत द्यावी. २०२३च्या तक्रार निवारण नियमांनुसार कागद अडवणे ही तक्रारीची बाब आहे आणि अशा तक्रारींसाठी विद्यापीठात लोकपाल असतो. पदवी अभ्यासक्रमासाठी अमरावतीचे उच्च शिक्षण सहसंचालक, अभियांत्रिकीसाठी तिथलेच तंत्रशिक्षण सहसंचालक आणि डी.एड.साठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, इथे अर्ज द्यावा. बंद कॉलेजचे दप्तर कोणाकडे सोपवले, हेही त्याच अर्जात विचारावे. उत्तर आले नाही तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहेच. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत विद्यापीठ देते, त्यासाठी संस्थाचालकाच्या बंगल्यावर खेटे घालायची गरज नाही.

मुदत संपते, देणे संपत नाही

संस्थेला फी वसूल करायची तर दिवाणी दावा लावावा लागतो आणि त्याची मुदत साधारणपणे रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षे. या काळात आपण बाकी लेखी कबूल केली किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद दिली, तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून फोड केल्याशिवाय पूर्ण आकड्यावर सही करू नका.

पण इथेच आम्हाला अब्बांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. मुदत गेली की कोर्टाचे दार बंद होते, देणे मात्र तसेच राहते. आपल्या दीनमध्ये कर्जाची बाब किती नाजूक आहे, हे वेगळे सांगायला नको. ज्याच्यावर कर्ज होते त्याची जनाज्याची नमाज पढवायला पैगंबर (स.) थांबले आणि दुसऱ्याने कर्जाची जबाबदारी घेतल्यावरच ती पढवली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या मास्तरांनी शिकवले त्यांच्या पगारापैकीच ती फी होती. बंद पडलेल्या कॉलेजातल्या कितीतरी शिक्षकांचे पगारही थकलेले असतात, हे आम्ही शिक्षक म्हणून जवळून पाहतो.

म्हणून सल्ला सरळ आहे. संस्थेकडून बाकीचा तपशील लेखी मागा. शासनाचा हिस्सा, नियमाबाहेरची रक्कम आणि आपली अनामत वजा करा. जे उरेल ते द्या, एकदम झेपत नसेल तर हप्ते बांधून घ्या. कर्ज लिहून ठेवण्याचा आणि तंगीतल्या कर्जदाराला सवड देण्याचा हुकूम कुरआनातच आहे, तो संस्थाचालकांनाही लागू आहे. पैसे संस्थेच्या बँक खात्यातच भरा, कोणा क्लार्कच्या हातात नको. पावती घ्या आणि “काही येणे बाकी नाही” असे पत्र शिक्क्यासह घ्या. सगळे कागद एका फाइलीत ठेवा आणि जी प्रमाणपत्रे डिजीलॉकरमध्ये मिळतात ती तिथे उतरवून ठेवा.

आणि ज्यांच्या घरी हे ६,०००ही निघत नाहीत त्यांच्यासाठी जमातीने पुढे यावे. जकातीच्या आठ मदांमध्ये कर्जदारांची मद आहे. कारंज्यापासून रिसोडपर्यंत आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशी एखादी मुलगी असेल, जी बाकीच्या भीतीने मार्कशीट आणायलाच गेली नाही आणि आज घरी बसून आहे. या रमजानमध्ये जकात काढताना आलिमांना विचारून तिच्याही देण्याचा विचार करा.