वारसा जमिनीचा आणि रोगाचा

वसई-दिवा लोहमार्गावरील कामण परिसरात जमिनीला मोल आले, तसे सातबारावरील वारसनोंदींनाही आले. पणजोबांपासूनची नावे घरोघर मुखोद्गत असतात. मात्र हेच पूर्वज कोणत्या रोगाने गेले, असे विचारले, तर ‘वय झाले होते’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही.

हे अज्ञान प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाबाबत विशेष महाग पडते. कारण आनुवंशिकतेचा मोठा वाटा असलेल्या कर्करोगांत त्याची गणना होते. नॉर्डिक देशांतील जुळ्यांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या रोगाच्या धोक्याबाबत माणसामाणसांत आढळणाऱ्या तफावतीपैकी सुमारे ५७ टक्के भाग आनुवंशिक ठरला. याचा अर्थ शंभरातील ५७ रुग्णांना तो वडिलांकडून मिळतो, असा नव्हे. पिता किंवा सख्खा भाऊ या रोगाने ग्रस्त असल्यास धोका साधारणतः दुप्पट होतो, हे मात्र खरे.

परंतु हा वारसा केवळ पितृकुळातून येत नाही. १९९५ साली शोध लागलेला बीआरसीए-२ हा जनुक स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगामुळे परिचित झाला. त्यातील दोष पुरुषाकडे आल्यास प्रोस्टेटचा कर्करोग कमी वयात आणि उग्र रूपात उद्भवण्याचा संभव वाढतो. असा दोष प्रत्येक अपत्याकडे, मग तो मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणूनच मावशीचे दुखणे भाच्यालाही इशारा ठरू शकते.

मग सर्वांचीच जनुकचाचणी करावी काय? साधने मर्यादित असताना हा मार्ग परवडणारा नाही आणि शास्त्रशुद्धही नाही. २०२३ पर्यंत या रोगाशी निगडित ४५१ जनुकीय भेद नोंदले गेले. पण त्यामागील माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. तिच्यावर बेतलेली भाकिते येथे तितक्याच अचूकपणे लागू पडतील, असे मानता येत नाही. सरसकट पीएसए ही रक्तचाचणी केल्यास, जन्मभर उपद्रव न देणारे कर्करोगही सापडतात आणि अनावश्यक उपचारांचा भार वाढतो.

तेव्हा आधी विचारपूस आणि मग निवडक चाचणी, हाच काटकसरीचा क्रम होय. तीन पिढ्यांचे आजार, दोन्ही कुळांतील, त्या त्या वेळच्या वयासह लिहून घेण्यास एक कागद पुरतो. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. ज्यांच्या नोंदीत धोका दिसेल, त्यांनाच टाटा स्मारक केंद्रासारख्या संस्थेतील आनुवंशिक सल्ल्यासाठी पाठवावे. मग कामणच्या मजुराचा परळला जाण्यात बुडणारा रोज तरी सार्थकी लागेल.

खरी अडचण कागदाची नसून मौनाची आहे. घरातील कर्करोग उघड झाला, तर मुलीचे लग्न अडेल, या भीतीने तो लपविला जातो. ही भीती निराधार नसल्याने अशा नोंदींची गुप्तता राखण्याची हमी शासनाने दिली पाहिजे. अन्यथा मौनाची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागेल. जमिनीचा वारसा नाकारता येतो. रक्ताचा नाकारता येत नाही, तो वेळीच ओळखता मात्र येतो.