गहू सोडण्यापूर्वी रक्त तपासा

घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे पोट वारंवार बिघडू लागले, वजन उतरू लागले, की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. अलीकडे त्यांत एकाची भर पडली आहे : ‘गहू बंद करून पाहा.’ हेतू चांगलाच असतो आणि महिना-दीड महिन्यात थोडे बरेही वाटू लागते. पुढे केव्हातरी डॉक्टरांकडे जाणे होते, ते सीलिॲक रोगाची शंका घेऊन रक्ततपासणी लिहून देतात आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. घर निश्चिंत होते. वाचकहो, या निश्चिंतीवर फार विसंबू नये. गहू बंद असताना केलेली ही तपासणी रोग असतानाही ‘नाही’ असे सांगू शकते.

सीलिॲक रोगात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनाला शरीराची प्रतिकारशक्ती शत्रू समजते आणि त्या झगड्यात स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर जखमी करते. त्या अस्तरावर बोटांसारखे अतिसूक्ष्म रसांकुर असतात. अन्नातील लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांचे शोषण त्यांच्यामार्फत होते. ते झिजून सपाट झाले की ताटात सारे काही असूनही अंगी काही लागत नाही. रक्ततपासणीत शोधली जातात ती या झगड्यात निर्माण होणारी प्रतिपिंडे. ग्लूटेन पोटात जाणे थांबले की ती ओसरू लागतात, रसांकुरही सावकाश भरून येतात. म्हणजे पुरावा पुसला जातो, रोगाची प्रवृत्ती मात्र जागच्या जागी राहते. गव्हाशी असलेले हे नाते डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी उलगडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, त्या काळात त्यांच्या निरीक्षणांना बळकटी मिळाली आणि १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध सादर केला.

‘हा तर लहान मुलांचा आजार’ असे अजूनही ऐकू येते. ते खरे नाही. साठीनंतर, सत्तरीनंतरही निदान होते. मात्र उतारवयात त्याचे रूप निराळे असते. जुलाब असतीलच असे नाही. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, हाडे अपेक्षेहून अधिक ठिसूळ निघतात, कारण नसताना वजन घटते, हातापायांना मुंग्या येतात, तोंड वारंवार येते. यांपैकी प्रत्येक तक्रारीवर ‘आता वय झाले’ हे उत्तर तयारच असते. ते उत्तर आपण इतक्या सहज स्वीकारू नये असे मला वाटते. येथे एक सावधगिरीही सांगायला हवी : ज्येष्ठांच्या शरीरातील लोह घटण्यामागे पचनमार्गातील सूक्ष्म रक्तस्राव, व्रण किंवा कर्करोगही असू शकतो. म्हणून सीलिॲकची तपासणी झाली तरी त्या दिशेचा शोध डॉक्टरांना घेऊ द्यावा.

पहिली पायरी म्हणजे ‘टीटीजी-आयजीए’ ही रक्ततपासणी. तिच्यासाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. तिच्याच जोडीला रक्तातील एकूण आयजीएचे प्रमाण तपासून घ्यावे. ही दुसरी तपासणी चिठ्ठीत नसेल तर आपण होऊन नम्रपणे विचारावे. कारण सीलिॲकच्या शंभर रुग्णांपैकी दोघा-तिघांच्या शरीरात आयजीए जवळजवळ नसतेच. जी वस्तू शरीरात बनतच नाही तिच्यावर आधारलेली तपासणी अर्थातच निगेटिव्ह येणार. अशा वेळी आयजीजी प्रकारच्या तपासण्या कराव्या लागतात. आणखी एक बारकावा : प्रयोगशाळेगणिक मोजमापाची पद्धत बदलते, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून वाढ-घट ठरवू नये. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असतील तर तेही आधीच सांगावे, कारण त्यांनीही निकाल झाकला जाऊ शकतो.

रक्ततपासणी होकारार्थी आली की प्रौढांमध्ये सामान्यतः दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील नमुने घेतात. या रोगातली झीज सर्वत्र सारखी नसते. एक भाग बिघडलेला, शेजारचा ठीक. म्हणून एक-दोन नव्हे, किमान चार नमुने, शिवाय आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन, असे घेणे इष्ट मानतात. नमुना काढताना वेदना होत नाही. काही तास उपाशी राहावे लागते, तेव्हा मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन त्या दिवशी कसे घ्यायचे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते सांगावे. परस्पर बंद मात्र करू नये.

लहान मुलांमध्ये टीटीजीची पातळी सामान्य मर्यादेच्या दहापट वा अधिक असेल आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या रक्तनमुन्यात ‘ईएमए’ तपासणीही होकारार्थी आली, तर नमुने न घेताही निदान मान्य करता येते, असे युरोपीय बालरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ज्येष्ठांबाबत मात्र ही सवलत घेण्याची घाई नको. रसांकुर सपाट करणारी इतरही कारणे असतात. जिआर्डियासारखा जंतुसंसर्ग आहे, आपल्या उष्ण प्रदेशात आढळणारा ट्रॉपिकल स्प्रू आहे. रक्तदाबासाठी अनेक जण घेतात त्या ओल्मेसार्टन या औषधामुळेही क्वचित सीलिॲकसारखेच तीव्र जुलाब होतात आणि आतड्याचे चित्रही तसेच दिसते. २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याबाबत इशारा दिला होता. म्हणून तपासणीला जाताना औषधांची पिशवी सोबत न्यावी. तोंडी आठवणीपेक्षा ती अधिक खरे बोलते.

आता ज्यांनी गहू आधीच सोडला आहे त्यांचे काय? त्यांच्यासाठी जनुकांची तपासणी उपयोगी पडते. एचएलए डीक्यू २ आणि डीक्यू ८ ही दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ बाद ठरतो, आणि या निकालावर आहाराचा काहीच परिणाम होत नाही. ती असली म्हणजे रोग आहे असे मात्र नव्हे. निरोगी माणसांतही ती पुष्कळ आढळतात. जनुके आढळली तरच गहू पुन्हा सुरू करून तपासणी करण्याचा विचार होतो. ब्रिटनमधील सूचनांनुसार तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन असावे. अशक्त वृद्धांना हे झेपेलच असे नाही, तेव्हा हा निर्णय पोटविकारतज्ज्ञांनीच घ्यावा. ज्वारीची भाकरी आणि भात यांवरच ज्यांचे जेवण असते, त्यांनीही ते डॉक्टरांना सांगावे. गहू न सोडताही त्यांच्या पोटात तो फारसा जात नसतो.

केस, लाळ किंवा ‘शंभर पदार्थांची असहिष्णुता’ दाखवणाऱ्या महागड्या तपासण्यांवर सीलिॲकसाठी पैसा खर्च करू नये. गव्हाच्या ॲलर्जीची तपासणीही वेगळी. तिच्या निकालावरून सीलिॲक कळत नाही.

निदान पक्के झाले की मगच गहू पूर्णपणे, आणि आयुष्यभरासाठी, बंद. येथे सांभाळणाऱ्यांची खरी कसोटी लागते. खपली गहू हाही गहूच. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, म्हणून डब्यावरील घटक वाचावेत. ज्या गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली जाते, तेथील पीठ चालणार नाही. घरगुती चक्की किंवा वेगळ्या दळणाची सोय पाहावी. सहा महिन्यांनी आणि वर्षाने टीटीजी पुन्हा तपासतात. आकडा उतरत नसेल तर बहुतेक वेळा कोठून तरी ग्लूटेन पोटात जात असते, त्या वेळी आधी स्वयंपाकघरातील डबे पाहावेत. हाडांची घनता मोजून घ्यावी, आणि भावंडांनी व मुलांनीही एकदा रक्त तपासून घ्यावे, त्रास नसला तरी, आणि नेहमीचे जेवण चालू असतानाच.